पाण्यातून पोहणारा रोग

१९०१ मध्ये एडविन जॉन बटलर हे आयर्लंडचे वैद्यकीय पदवीधर शासकीय बुरशीतज्ज्ञ म्हणून कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानात रुजू झाले. १८४५ मध्ये अवतरलेल्या बटाट्याच्या करप्याने त्यांच्या मायभूमीत घोर दुष्काळ ओढवला होता. करप्याच्याच कुळातील ‘पिथियम’ या जलबुरशीवर बटलर यांनी १९०७ मध्ये पुढे प्रमाण ठरलेला प्रबंध प्रसिद्ध केला. या कुळाची बीजुके दोन शेपट्यांच्या बळावर ओलाव्यात पोहतात. कोकणातील सुपारीवरचा कोळेरोग भर पावसाळ्यात बळावतो तो यामुळेच. आजचे शास्त्र या जीवांना खरी बुरशी मानीत नाही. ते तपकिरी शैवालांचे आप्त ठरले आहेत. साहजिकच बुरशीवरील प्रत्येक औषध त्यांना लागू पडत नाही. शत्रूचे कूळ ओळखणे, हीच उपचाराची पहिली पायरी होय.