हिरव्याची मोजणी : नगररचनेतील एका मापाचा इतिहास

जमीन मोजता येते, झाडेही मोजता येतात. पण हिरवेपणा हा गुण होय, आणि गुणाची मोजणी करावयाची तर प्रथम त्यास संख्येचे रूप द्यावे लागते. आज वास्तुविशारदास संगणकाच्या पडद्यावर हा आकडा क्षणार्धात मिळतो. तो कोणकोणत्या वळणांनी आला, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आरंभीची मोजणी हिरव्याची नव्हतीच; ती मोकळ्या जागेची होती. १९२५ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडांगण संस्थेने पुढे रूढ केलेले प्रमाण दर हजार लोकसंख्येमागे ६ एकर, म्हणजे माणशी सुमारे २४ चौरस मीटर, असे होते. भारत सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचविली आहे. या हिशेबात गवताची काडी नसलेले मैदानही पूर्ण धरले जाते. आपल्या भाषेने हा भेद पूर्वीच जपला होता. 'मैदान' आणि 'बाग' हे दोन्ही शब्द फारसीतून आले, पण एकाचे काम दुसऱ्याने कधी केले नाही. 'वाडी' या शब्दात तर झाडी आणि वस्ती दोन्ही सामावतात. मुंबईच्या फणसवाडीत आज त्यांपैकी वस्तीच काय ती उरली आहे.

हिरव्याची स्वतंत्र मोजणी आकाशातून सुरू झाली. जुलै १९७२ मध्ये अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला आणि त्याच्या आधारे टेक्सासमधील संशोधकांनी १९७३ च्या सुमारास वनस्पती-निर्देशांक मांडला. जिवंत पान तांबडा प्रकाश शोषून घेते व जवळचा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले की उणे १ ते अधिक १ यांमधील संख्या मिळते. युक्ती साधी, पण नगररचनाकारास तिचा उपयोग फार काळ झाला नाही. त्या उपग्रहाचा एक ठिपका सुमारे ८० मीटर लांबी-रुंदीचा होता. चाळीचे अख्खे आवार त्यात बुडून जाई. २०१५ नंतर युरोपीय उपग्रहामुळे हा ठिपका १० मीटरांवर आला. तथापि दख्खनची टेकडी श्रावणात मोजली की वैशाखात, यावर उत्तर अवलंबून राहतेच, आणि भरपूर पाणी पाजलेली हिरवळ या निर्देशांकात जुन्या वडाच्या पंक्तीस सहज बसते.

दुसरा प्रवाह जमिनीवरचा असून, माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. १९८० नंतरच्या दशकात पश्चिम बर्लिनच्या दाट वस्तीसाठी एक गुणांक तयार करण्यात आला आणि १९९४ साली त्यास कायद्याचे बळ मिळाले. प्रत्येक प्रकारच्या पृष्ठभागास त्याच्या मूळ सारणीत भार दिलेला होता : डांबरास ०, मूळ मातीशी जोडलेल्या वनस्पतीस १, तळघरावर ८० सेंटिमीटरांहून कमी माती घालून केलेल्या लागवडीस ०.५, हिरव्या छपरास ०.७. क्षेत्रफळांस या भारांनी गुणून येणाऱ्या बेरजेस भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागावयाचे. नव्या निवासी इमारतीस ०.६ आवश्यक. १००० चौरस मीटरांच्या भूखंडावर ४०० चौरस मीटर अंगण मूळ मातीवर राखले व ३०० चौरस मीटर छप्पर हिरवे केले, तर ०.६१ येतात. तेच अंगण तळघरावरील पातळ मातीवर नेले की ०.४१ उरतात. डोळ्यांस दोन्ही अंगणे सारखीच दिसतील.

ही पद्धत २००१ मध्ये माल्मो येथे, २००६ मध्ये सिअ‍ॅटल येथे व २०२१ मध्ये लंडनच्या आराखड्यात आली. सिअ‍ॅटलने ती संगणकीय तक्त्यात बसविली : अर्जदाराने क्षेत्रफळे भरावयाची, गुण यंत्राने काढावयाचे. परंतु भार काही यंत्र ठरवीत नाही. जमिनीवरील कापलेल्या हिरवळीस बर्लिनच्या मूळ सारणीत १ मिळतो, लंडनमध्ये ०.४. हा फरक गणिताचा नसून अर्थाचा आहे. एका नगराने मातीकडे पाहिले, दुसऱ्याने तीवर जगणाऱ्या जीवसृष्टीकडे.

आपल्याकडे हाच प्रश्न न्यायालयात गेला. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीनुसार १००० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडांवर, आकारानुसार, १५ ते २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावयाची होती. वाहनतळांच्या मजल्यांवर, म्हणजे पोडियमवर, केलेली बाग या हिशेबात धरावी काय? डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की किमान जागा जमिनीवरच हवी. पोडियमवरील बाग ही त्याशिवायची. बर्लिनने अपूर्णांकाने सोडविलेला प्रश्न येथे शब्दार्थाने सोडविला गेला. मला येथील उत्तर अधिक स्वच्छ वाटते : पोडियमवर वड वाढत नाही, आणि पावसाचे पाणी तेथून भूगर्भात उतरत नाही.

आराखडे संगणकावर काढताना प्रत्येक बंद आकृतीस एका थराचे नाव द्यावे लागते. क्षेत्रफळ यंत्र काढते. नाव मनुष्य देतो. १९९१ ते २०१३ या काळातील मंजूर आराखड्यांत ज्या आकृतींस 'मनोरंजन मैदान' हे नाव मिळाले, त्यांपैकी किती जमिनीवर आहेत व किती पोडियमवर, हे उपग्रहचित्र शेजारी ठेवून आणि प्रत्यक्ष पायी फिरून तपासता येईल. पदव्युत्तर प्रबंधास हा विषय पुरेसा आहे. आरंभ एखाद्या प्रभागापासून करावा.