एपिंगच्या अरण्यातील गुरे आणि पादचारी : एका चराईच्या हक्काचा इतिहास

लंडनच्या पूर्वेकडील उपनगरांपासून उत्तरेस एसेक्समधील एपिंग गावापर्यंत एपिंगचे अरण्य पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,००० एकर असून ते सर्वांना पायी हिंडण्यास खुले आहे. त्याच्या काही भागांत लांब शिंगांच्या गायी चरत असतात आणि त्यांच्या व पादचाऱ्यांच्या मध्ये कुंपण नसते. अशा ठिकाणी गुरे आणि माणसे यांचे हितसंबंध परस्परविरोधी असावेत आणि लोकांच्या विहारासाठी राखलेल्या भूमीत गुरांना केवळ सवलत म्हणून प्रवेश मिळाला असावा, असा समज सहज होतो. एपिंगचा इतिहास या समजाला छेद देतो. येथे गुरांचा हक्क आधीचा असून पादचाऱ्यांचा हक्क त्याच्या आश्रयाने पुढे आला आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘फॉरेस्ट’ या संज्ञेचा अर्थ घनदाट झाडी असा नव्हता. राजाच्या शिकारीच्या कायद्याखाली येणारा प्रदेश, असा होता. एपिंगची जमीन निरनिराळ्या मॅनरांच्या धन्यांची होती, हरणे राजाची होती आणि पडीत जमिनीवर गुरे चारण्याचा हक्क तेथील जमीनधारकांचा होता. राजाच्या हरणांना अडथळा होऊ नये म्हणून कुंपणे घालण्यास बंदी असे. परिणामी हरणांप्रमाणे गुरेही एका मॅनरमधून दुसऱ्या मॅनरमध्ये निर्वेधपणे जात. कोणते गुरू कोणत्या गावचे हे ओळखता यावे म्हणून त्यांच्यावर गावाचा डाग दिला जाई. हरणांसाठी केलेल्या व्यवस्थेतून अशा रीतीने एक विस्तीर्ण, अविभक्त गायरान निर्माण झाले. या व्यवस्थेत निव्वळ हिंडणाऱ्या माणसाला मात्र कोणतेही स्थान नव्हते. ठरावीक वाटेवरून जाण्याचा हक्क इंग्लंडचा कायदा मानत असे. परक्याच्या जमिनीवर मन मानेल तसे फिरण्याचा हक्क त्याला मान्य नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही व्यवस्था मोडकळीस आली. शेजारच्या हेनॉल्ट अरण्याचा दर्जा १८५१ च्या कायद्याने रद्द झाला आणि त्यातील बहुतेक झाडी तोडून तेथे शेते करण्यात आली. एपिंगमध्ये राजसत्तेने आपले शिकारविषयक हक्क मॅनरांच्या धन्यांना विकण्यास प्रारंभ केला. हरणांचा अडसर दूर होताच कुंपणे उभी राहू लागली. लाउटन येथे मॅनरच्या धन्याने १,००० एकरांहून अधिक जमीन बंदिस्त केली. तेथील मजुरांना हिवाळ्यात सरपणासाठी झाडांच्या फांद्या छाटण्याचा परंपरागत हक्क होता. तो बजावल्याबद्दल १८६६ साली तिघांना तुरुंगवास घडला. १८६५ साली स्थापन झालेल्या ‘कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी’ने टॉमस विलिंगेल या मजुराच्या दाव्यास पाठबळ दिले, परंतु १८७० साली त्याचा मृत्यू झाल्याने तो दावा निकालावाचून संपला.

यानंतर प्रश्नाला निर्णायक वळण मिळाले ते एका दफनभूमीमुळे. लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने १८५६ साली उघडलेल्या आपल्या दफनभूमीसाठी अरण्याच्या दक्षिण टोकाला जमीन घेतली होती आणि त्या जमिनीबरोबर अरण्यात गुरे चारण्याचा हक्कही कॉर्पोरेशनकडे आला होता. या हक्काच्या बळावर १८७१ साली मॅनरांच्या धन्यांविरुद्ध दावा दाखल झाला. सोसायटीचे कायदेपंडित रॉबर्ट हंटर यांचे त्यास साहाय्य होते; पुढे १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’च्या संस्थापकांत त्यांची गणना झाली. प्रत्येक मॅनरमधील चराईचा हक्क त्या मॅनरपुरता मर्यादित आहे की संपूर्ण अरण्यभर सामायिक आहे, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. हक्क मर्यादित ठरता तर प्रत्येक धन्याला आपल्यापुरत्या मोजक्या हक्कदारांची समजूत घालून जमीन बंदिस्त करता आली असती. पूर्वापार गुरे सीमा न जुमानता सर्वत्र चरत आली, हाच कॉर्पोरेशनच्या बाजूचा आधार होता. १८७४ च्या नोव्हेंबरात सर जॉर्ज जेसेल यांनी हक्क अरण्यभर सामायिक असल्याचा निर्णय देऊन मागील सुमारे वीस वर्षांतील कुंपणे बेकायदेशीर ठरविली. सीमा न ओळखणाऱ्या गुरांचे भटकणे येथे न्यायालयात पुराव्याच्या योग्यतेस पोहोचले.

१८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने अरण्याचे रक्षण कॉर्पोरेशनकडे सोपविले आणि ते लोकांच्या विहारासाठी कायम खुले, विनाकुंपण राखण्याचे बंधन घातले. चराईचे हक्क अबाधित राहिले. न्यायालयात पादचाऱ्याला स्वतःच्या नावाने जे मागता आले नसते, ते त्याला गुरांच्या पाठोपाठ कायद्याने मिळाले. या विजयाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. चराईचा हक्क जमीनधारकांचा होता, म्हणून तो टिकला. फांद्या छाटण्याचा मजुरांचा हक्क मात्र नुकसानभरपाई देऊन संपुष्टात आणण्यात आला. त्या रकमेतून लाउटन येथे उभारलेले ‘लॉपिंग हॉल’ १८८४ साली खुले झाले. अरण्य सर्वांचे झाले; पण ज्यांच्या तुरुंगवासाने या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष वेधले गेले, त्यांची कुऱ्हाड त्यातून कायमची बाहेर गेली.

याच १८७८ साली हिंदुस्थानातही जंगलाचा कायदा झाला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. त्या कायद्याने राखीव जंगलांतील गावकऱ्यांच्या पूर्वापार हक्कांची चौकशी करून ते मान्य, मर्यादित वा रद्द करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना मिळाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगर आणि गायराने जंगलखात्याने अडविल्यामुळे शेतकऱ्यांच्या गुरांची झालेली कुचंबणा मांडली आहे. एकाच साम्राज्यात, एकाच वर्षी, राजधानीजवळ गुरांच्या हक्काने अरण्य वाचले आणि वसाहतीत अरण्याच्या नावाखाली गुरांचा हक्क आकुंचित झाला. हा भेद गुरांच्या वर्तनातील नसून हक्कदारांच्या राजकीय बळातील होता.

विसाव्या शतकात एपिंगच्या भोवती उपनगरे वाढली. गुरे रस्त्यांवर आणि लोकांच्या बागांत शिरू लागली, तशा तक्रारीही वाढल्या. अखेर १९९६ साली गुरांच्या मेंदूरोगाचे, म्हणजे ‘बीएसई’चे, संकट आल्यावर मोकळी चराई थांबली. चराईअभावी झुडपे माजून मोकळी कुरणे व हीथची माळराने झाकली जाऊ लागली. ज्या मोकळ्या जागांचे रूप लोकांना प्रिय होते, ते गुरांच्या तोंडाने घडविलेले होते, हे त्यावरून स्पष्ट झाले. त्यामुळे एकविसाव्या शतकाच्या आरंभी लांब शिंगांच्या इंग्लिश लाँगहॉर्न जातीच्या गायी पुन्हा आणण्यात आल्या. त्यांच्यासाठी प्रथम जमिनीत पुरलेल्या तारेचे आणि पुढे उपग्रहाशी जोडलेल्या गळपट्ट्याचे साहाय्य घेण्यात आले. ठरविलेल्या सीमेजवळ पट्टा आवाज करतो व गाय न वळल्यास सौम्य विद्युत्-धक्का देतो.

सहवासातील धोका नाकारता येत नाही. ब्रिटनमध्ये गुरांच्या हल्ल्यात दरवर्षी काही माणसे मरण पावतात. त्यांतील बहुसंख्य शेतीवर काम करणारी असतात. पादचाऱ्यांच्या बाबतीत बहुधा माणसासोबत कुत्रा आणि गायीसोबत वासरू असते. तुडविले वा चिरडले जाणे हे मृत्यूचे मुख्य कारण असल्याने शिंगे नसलेली गायही तितकीच घातक ठरू शकते. शिंगे भय वाढवितात, धोका त्याच प्रमाणात वाढवितात असे नव्हे. म्हणूनच १९८१ च्या कायद्याने सार्वजनिक वाटा असलेल्या शेतांत दुभत्या जातींचे दहा महिन्यांवरील वळू सोडण्यास मनाई केली. तसेच २००० च्या कायद्याने खुल्या केलेल्या माळरानांवर गुरांजवळ कुत्रा दोन मीटरांहून आखूड दोरीने बांधलेला असावा, असा नियम केला. गाय अंगावर आल्यास कुत्र्याला सोडून द्यावे, असा सल्ला दिला जातो. कारण तिचा रोख बहुधा कुत्र्यावर असतो.

गायरानातील गुरांना पाहुणे समजणारी दृष्टी एपिंगच्या बाबतीत तरी इतिहासाला धरून नाही. हरणांमुळे कुंपण टळले, कुंपण टळल्यामुळे गुरे भटकली आणि गुरे भटकल्यामुळे माणसाला हिंडण्याची जागा राहिली, असा येथील कार्यकारणक्रम आहे. आज पादचाऱ्याने लाँगहॉर्न गायीला वळसा घालून जाणे हे सावधगिरीचे तर आहेच. परंतु ज्येष्ठ हक्कदाराला वाट देण्याचाही तो एक प्रकार होय.