प्याद्याला भीती कधी वाटू लागली?

बुद्धिबळाच्या पटावरचे प्यादे मरते, पण पळत नाही. वजीर पडला, दोन्ही हत्ती गेले, राजा कोपऱ्यात कोंडला गेला, तरी उरलेले एकुलते एक प्यादे ढकलाल त्या घरात जाऊन उभे राहते. खरी फौज अशी वागत नाही. 'फौजेचा मोड झाला', 'पळ सुटला', 'पाठ दाखवली' हे शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच रुळलेले नाहीत. सगळी माणसे मेली म्हणून लढाई हरली, असे इतिहासात क्वचितच घडते. बहुतेक लढाया उरलेल्यांचा धीर सुटल्यामुळे हरल्या जातात.

युद्धाचे खेळ मांडणाऱ्या माणसाने ही गोष्ट कधी ओळखली आणि खेळाच्या नियमांत कशी आणली, हा या लेखाचा विषय आहे. मी लष्करी इतिहासाचा पदवीधर नाही आणि संगणकाचा अभियंताही नाही. वाचत, खेळत, टिपणे काढत गेलो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. ड्रॅगन, राक्षस, बोलते उंदीर आणि सांगाड्यांच्या पलटणी जिथे एकमेकींवर चालून जातात, त्या अद्भुतरम्य संगणकीय युद्धखेळांत. त्यांना 'रिअल-टाइम स्ट्रॅटेजी' म्हणतात, कारण त्यांत पाळी नसते. तुम्ही विचार करत बसता, तेवढ्या वेळात शत्रू पुढे सरकलेला असतो. भीतीचे गणित मात्र या खेळांत आले ते संगणकाच्याही आधीच्या एका परंपरेतून. म्हणून सुरुवात तिथून करू.

पटावरून नकाशावर

चतुरंग भारतातून इराण आणि अरबस्तानमार्गे युरोपात गेले आणि त्याचे बुद्धिबळ झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या बुद्धिबळातून युद्धशिक्षणाचा खेळ कसा निघाला, हे तितकेसे परिचित नाही. ब्रुन्सविकच्या योहान हेलविग या गणिताच्या अभ्यासकाने 1780 मध्ये एक खेळ प्रसिद्ध केला. बुद्धिबळाची 64 घरे वाढवून त्याने दीड हजारांहून अधिक केली, आणि घरांना रंग देऊन त्यांना डोंगर, नदी, दलदल ठरवले. सोंगट्यांऐवजी पायदळ, घोडदळ, तोफखाना आला. पट मोठा झाला, पण प्यादे प्यादेच राहिले.

पुढचे पाऊल प्रशियात पडले. फॉन राइसविट्झ या पितापुत्रांपैकी वडिलांनी 1812 मध्ये राजाला युद्धखेळाचे एक टेबल भेट दिले. लष्करात अधिकारी असलेल्या मुलाने 1824 मध्ये त्याचे सुधारित नियम छापले. हाच तो 'क्रीगश्पील'. घरे गेली आणि 1:8000 प्रमाणाचा खरा नकाशा आला. एक पाळी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे. दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच असे आणि खेळाडूला खऱ्या सेनापतीला दिसले असते तेवढेच तो सांगे. हानी ठरवायला फासे टाकले जात. बुद्धिबळात जे कधीच नव्हते ते दैव आणि अज्ञान अशा रीतीने खेळात शिरले.

त्या शतकाच्या उत्तरार्धात आर्दां द्यु पीक या फ्रेंच कर्नलाने एक साधा प्रश्न विचारला. प्राचीन लढायांत जिंकणाऱ्यांची हानी इतकी थोडी आणि हरणाऱ्यांची इतकी प्रचंड का? त्याचे उत्तर असे की समोरासमोर झुंजताना माणसे तुलनेने कमी मरतात. एका बाजूचा धीर सुटतो, ती पाठ फिरवते आणि खरी कत्तल तेव्हा होते. द्यु पीक 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात मारला गेला. त्याचे पुस्तक त्याच्यामागून प्रसिद्ध झाले. एका शतकानंतर हाच विचार एका खेळाचा नियम होऊन बसणार होता.

शिशाचे सैनिक आणि ड्रॅगन

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' हे छोटे पुस्तक लिहिले. शिशाचे सैनिक, स्प्रिंगची तोफ आणि घरातली फरशी एवढ्यावर त्यांचे युद्ध चाले. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्ध किती बरे, हे सांगायलाच जणू त्यांनी पुस्तक लिहिले होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. वेल्स यांचे सैनिक तोफेच्या गोळ्याने पडत, हातघाईत एकास एक मरत, प्रसंगी कैदही होत, पण घाबरत नसत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हौशी खेळाडूंनी मात्र 'मनोधैर्य' हा स्वतंत्र नियम रुजवला. तुकडीचे ठरावीक नुकसान झाले की फासा टाकायचा आणि ती टिकते की मागे फिरते ते पाहायचे.

यात अद्भुताची भर पडली ती टॉल्किन यांच्यामुळे. 1916 मध्ये सोमच्या रणभूमीवर ते संदेशवहन अधिकारी होते. त्यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या नाझगूल या काळ्या स्वारांचे मुख्य शस्त्र तलवार नाही, भीती आहे. ते नुसते डोक्यावरून गेले तरी शूर शिपायांच्या हातातली शस्त्रे गळून पडतात. खंदकात दिवस काढलेल्या माणसाला तोफेच्या आवाजाने शरीराचे काय होते हे पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

1971 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाची मध्ययुगीन लढायांची नियमावली छापली. तिच्या शेवटी अद्भुत प्राण्यांची एक पुरवणी जोडली होती. एक पुतळी म्हणजे वीस माणसे, हे त्यातल्या मोठ्या लढाईचे माप. जादूगाराचा अग्निगोल किती जागा जाळतो? मोठ्या गोफणयंत्राचा दगड जेवढी व्यापतो तेवढीच! जादूलाही तोफखान्याच्या मापात बसवले गेले. याच पुस्तिकेच्या पायावर 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' उभा राहिला. तो एकेकट्या वीराचा खेळ होता.

फौजेचा धागा इंग्लंडमध्ये पुढे गेला. 1983 मध्ये ब्रायन अन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रिस्टली यांचा 'वॉरहॅमर' आला. त्यात प्रत्येक जातीच्या सैनिकाला बळ आणि कौशल्याबरोबर 'नेतृत्व' नावाचा एक आकडा असतो. धीराची परीक्षा आली की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर तुकडी उभी राहते. साध्या मानवी शिपायाचा आकडा 7, हट्टी बुटक्यांचा 9. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी माणूस 21 वेळा टिकतो, बुटका 30 वेळा. नंतरच्या आवृत्त्यांत, हातघाईत जितक्या गुणांनी हराल तितके गुण या आकड्यातून वजा होतात. तीन गुणांनी हरलेला माणूस 36 पैकी फक्त 6 वेळा उभा राहतो, बुटका 15 वेळा. पळणाऱ्या तुकडीला पाठलाग करणाऱ्यांनी गाठले, तर ती सबंध तुकडी पटावरून उचलायची. द्यु पीकचे अख्खे पुस्तक या एका नियमात आले आहे.

कारखान्यातला शिपाई

संगणकावर मात्र सुरुवात वेगळ्या घराण्याने केली. 1992 च्या 'ड्यून 2' या खेळाने साचा घातला. जमिनीतून संपत्ती गोळा करा, इमारती बांधा, इमारतींतून सैन्य काढा, शत्रूच्या इमारती पाडा. 1994 मध्ये ब्लिझार्ड कंपनीच्या 'वॉरक्राफ्ट'ने हाच साचा माणसे आणि ऑर्क यांच्या अद्भुत जगात आणला. सोने आणि लाकूड दिले की बराकीतून शिपाई बाहेर पडतो. हे घराणे अर्थकारणाचे. इथे शिपाई हा कारखान्यातला माल आहे आणि मालाला भीती वाटत नाही. 'वॉरक्राफ्ट'च्या शिपायावर पुन्हा पुन्हा टिचकी मारली तर तो वैतागून बोलतो, पण सांगाल तिथे जाऊन मरतो. चतुरंगातले प्यादेच इथे रंगीत होऊन आले.

या घराण्यात फौज लहान का राहिली, याचे उत्तर माउसमध्ये आहे. 'ड्यून 2'मध्ये एका वेळी एकच सैनिक निवडता येई. 'वॉरक्राफ्ट'मध्ये चार, त्याच्या दुसऱ्या भागात नऊ, तिसऱ्यात बारा. झुंडी गोळा करून सोडू नयेत, प्रत्येक शिपायाकडे लक्ष द्यावे, असा त्यामागे हेतू होता. 2002 च्या तिसऱ्या भागात अनुभवाने वाढत जाणारे नायक आले. त्याच खेळाच्या साधनांतून खेळाडूंनी घडवलेल्या 'डोटा'त तर फौज हातातून गेलीच. प्रत्येकाकडे एकच नायक उरला आणि शिपाई आपोआप चालत येऊन आपोआप मरू लागले. शिपायाला माल मानणाऱ्या घराण्याचा हा शेवट मला तर्कशुद्ध वाटतो.

फळी फुटते

पटावरच्या घराण्याने 1995 मध्ये संगणकात पाऊल टाकले. 'वॉरहॅमर: शॅडो ऑफ द हॉर्न्ड रॅट' या खेळात बांधायला काही नव्हते. भाडोत्री सैनिकांच्या पलटणी, लढाईआधीची मांडणी आणि मिळालेले सोने, एवढेच. मेलेली माणसे पुढच्या लढाईत नसत. त्यांच्या जागी नवी भरायला पैसे पडत. मुख्य म्हणजे, पलटण घाबरून पळत असे. 1997 मध्ये शिकागोच्या बंजी कंपनीने 'मिथ' काढला. त्यातही कारखाना नव्हता. प्रत्येक शिपायाला नाव होते, तगलेला शिपाई अनुभवी होऊन पुढच्या लढाईत येई, आपल्याच माणसाने फेकलेला बॉम्ब उतारावरून घरंगळत आपल्यावर येई आणि प्रेते लढाई संपेपर्यंत जागच्या जागी पडून राहत.

हजारोंची फौज पडद्यावर आली ती 2000 च्या 'शोगन: टोटल वॉर'मध्ये. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने जपानी इतिहासावर बेतलेल्या या खेळात माणसे मोजण्याऐवजी तुकडीचे मन मोजले. बाजूने किंवा पाठीमागून हल्ला, थकवा, शेजारच्या तुकडीचा पळ, सेनापतीचा मृत्यू या प्रत्येकाने मनोधैर्य घटते. ते सरले की पांढरे निशाण दिसते आणि एका तुकडीची भीती शेजारच्या तुकडीला लागते. याच कंपनीच्या 2009 च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठा राज्यही खेळता येते. सेनापती पडल्यावर फौज कशी विरघळते ते त्यात पाहताना मराठी माणसाला 14 जानेवारी 1761 ची दुपार आठवल्याशिवाय राहत नाही. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेबांची अंबारी रिकामी दिसली आणि तोवर अटीतटीने लढणारी फौज फुटली.

ही दोन्ही सूत्रे 2016 मध्ये 'टोटल वॉर: वॉरहॅमर'मध्ये एकत्र आली. योगायोग असा की आदल्याच वर्षी पटावरचा मूळ खेळ बंद करून त्याच्या जगाचा कथेत नाश करण्यात आला होता. ते जग पडद्यावर जगले आणि 2024 मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने पुन्हा पटावर परतले.

न भिणारी फौज

अद्भुताचा खरा उपयोग मला इथे दिसतो. इतिहासावरच्या खेळात सगळीच माणसे भितात. भीती नसलेली फौज कशी असेल, हे फक्त अद्भुतातच मांडता येते. 'वॉरहॅमर'मधल्या व्हॅम्पायर सरदारांची सांगाड्यांची आणि प्रेतांची फौज कधीच पळत नाही. प्रत्येक सेनापतीचे स्वप्नच ते. पण नियम त्याची किंमत वसूल करतो. मनोधैर्य संपले की हे सैनिक पळण्याऐवजी जागच्या जागी ढासळू लागतात, आणि त्यांना उभा करणारा मालक मेला की अख्खी फौज मोडकळीला येते. पळालेला माणूस सावरून परत फिरू शकतो. ढासळलेला सांगाडा संपला. भीती हा सैनिकाचा दोष नाही, ती त्याच्या जिवंतपणाची खूण आहे, असेच हा नियम सांगतो.

त्याहून बोचरा नियम 2017 च्या दुसऱ्या भागातल्या उंदीरमानवांचा आहे. त्यांच्या फौजेत सर्वांत पुढे गुलाम असतात. ते स्वस्त आणि भित्रे. त्यांच्यावर 'खर्चून टाकण्याजोगे' असा शिक्का असतो. याचा अर्थ असा की हे गुलाम पळताना दिसले तरी वरच्या दर्जाच्या तुकड्यांचे मनोधैर्य रतीभरही घटत नाही. फक्त त्यांच्यासारख्याच इतरांचे घटते. कुणाची भीती मोजायची आणि कुणाची मोजायचीच नाही, हे एका ओळीत ठरवून टाकले आहे. माणसांच्या सैन्यांनीही ही ओळ पाळली आहे, पण नियमावलीत इतक्या उघडपणे क्वचितच लिहिली.

शिपायाला भीती असते हे मान्य केले की खेळाडूचे कामही बदलते. त्याला आपल्या माणसांना थकू न देणे, त्यांची पाठ उघडी न ठेवणे, सेनापतीला त्यांच्या नजरेसमोर ठेवणे हे शिकावे लागते. आणि शत्रूचा धीर मोडला की शेवटचा माणूस मारण्याआधीच लढाई संपवता येते. सगळे प्यादे मेल्यावरच डाव संपावा असे हा खेळ मागत नाही. माझ्या दृष्टीने गेल्या दोनशे वर्षांत चतुरंगात झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे. पटावर जे उभे आहे ते नाही म्हणू शकते, हे ठाऊक असलेला माणूस पुढची चाल जरा जपून करतो.