सेनापतीचा खोकला

कथेतील विसंगती हुडकून काढावी आणि ती सापडताच लेखकाला दूषण न देता तिची उपपत्ती आपणच पदरमोड करून लावून द्यावी, हा वाचकांचा एक जुना व्यासंग असून, त्याचा उगम विज्ञानकथेत शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. १९११ साली ऑक्सफर्ड येथे रोनाल्ड नॉक्स या तरुण पंडिताने शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला आणि बायबलच्या चिकित्सकांची सारी परिभाषा व सारे गांभीर्य डॉक्टर वॉटसनच्या चरित्रावर खर्ची घातले. हेतू त्या चिकित्सकांची थट्टा करण्याचा होता. पण थट्टेचीच पुढे परंपरा झाली. अफगाण युद्धातली गोळी पहिल्या कादंबरीत वॉटसनच्या खांद्याला लागलेली असते आणि दुसरीत त्याचा पाय ठणकत असतो. ज्याचे नाव जॉन, त्याला त्याची पत्नी एका कथेत जेम्स म्हणते. या दुसऱ्या कोड्यावर डोरोथी सेयर्स या लेखिकेने काढलेली तोड या शास्त्रात आदर्श मानली जाते: वॉटसनच्या नावातील ‘एच्’ हे आद्याक्षर ‘हेमिश’चे असले पाहिजे, हेमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप होय, सबब पत्नी निर्दोष आहे. कॉनन डॉइलला या कथांविषयी फारशी ममता नव्हती आणि मागे काय लिहिले हे तो तपासून पाहत नसे, ही साधी हकिकत या मंडळींना ठाऊक नव्हती असे नाही. परंतु ती पुराव्यात दाखल करून घ्यावयाची नाही, हा या न्यायासनाचा पहिलाच दंडक आहे.

अमेरिकेतील विज्ञानकथेच्या मासिकांनी या व्यासंगाला वस्ती करून दिली. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ काढले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापण्याचा प्रघात पाडला. त्यामुळे संपादकाकडे फिर्याद घेऊन आलेले वाचक एकमेकांशीच पत्रव्यवहार करू लागले. पुढे १९६०च्या दशकात मार्व्हलच्या चित्रकथांचे संपादक स्टॅन ली यांनी असल्या चिकित्सकांसाठी एक बक्षीस काढले. नुसती चूक दाखविणाऱ्यापेक्षा ती चूक वस्तुतः चूकच नव्हे असे युक्तिवादाने सिद्ध करणारा वाचक त्याचा खरा मानकरी ठरू लागला, आणि त्याच्या घरी टपालाने एक लिफाफा येई, ज्यावर आत बक्षीस असल्याचे छापलेले असे व आत काहीही नसे. विद्वत्तेचा इतका प्रामाणिक मोबदला दुसऱ्या कोणत्या विद्यापीठाने दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

या कज्ज्यांमध्ये सचेतपटाचे, म्हणजे हलत्या चित्रांच्या पटाचे, स्थान नेहमीच नाजूक राहिले आहे. तो बहुधा मूळ लेखकाच्या हातचा नसतो. नट, नेपथ्य, खर्च यांचा अंकुश नसल्याने त्यात वाटेल ते घडू शकते. आणि लांबीने आखूड असला म्हणजे त्यात सांगितल्यापेक्षा न सांगितलेलेच अधिक उरते. ‘स्टार ट्रेक’ची १९७३-७४ मधील २२ भागांची सचेत मालिका १९८०च्या दशकाच्या अखेरीस अधिकृत इतिहासातून खारीज करण्यात आली, तथापि कप्तान जेम्स टी. कर्क याच्या नावातील ‘टी’ म्हणजे टायबेरियस, ही माहिती पडद्यावर प्रथम त्याच मालिकेने दिली होती, आणि पुढे १९९१ सालच्या चित्रपटाने तिला मान्यता दिली. मूळ मालिकेच्या अगदी आरंभीच्या एका भागात कर्कच्या थडग्यावर ‘टी’ऐवजी ‘आर’ कोरलेला दिसतो, त्याचा खुलासा करण्यात चाहत्यांची किती बुद्धी कामी आली, ते सांगत बसलो तर मूळ विषय राहूनच जाईल.

मूळ विषय एका खोकल्याचा आहे. जॉर्ज ल्यूकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रमालेतील दुसऱ्या व तिसऱ्या खंडांच्या मध्ये तीन वर्षांचे एक महायुद्ध आहे, आणि चित्रपटांत त्याचा केवळ आरंभ व शेवट दिसतो. ही मधली पोकळी भरून काढण्याचे काम ‘सामुराई जॅक’चे कर्ते गेंडी टार्टाकोव्स्की यांच्याकडे आले. नोव्हेंबर २००३ पासून कार्टून नेटवर्कवर ‘क्लोन वॉर्स’ या नावाने त्यांचे सुमारे तीन-तीन मिनिटांचे २० लघुपट दाखविले गेले आणि २००५च्या मार्चमध्ये आणखी पाच, काहीसे लांब. संवाद अत्यल्प, रेषा धारदार, आणि पराक्रम असे की मेस विंडू हा जेडाय योद्धा हातातले शस्त्र गमावल्यावर नुसत्या मुठींनी यंत्रसैन्याची फळीच्या फळी मोडून काढतो. येथे पहिला वाद उभा राहिला. ज्यांचे सामर्थ्य असे, ते जेडाय चित्रपटात एवढ्या सहजासहजी कसे मारले जातात? त्यावर काहींनी दिलेले उत्तर मला फार मार्मिक वाटते: ती लढाई एक लहान मुलगा दुरून पाहत असतो, तेव्हा आपण जे पाहतो ते प्रत्यक्ष युद्ध नव्हे, त्या मुलाच्या तोंडून पसरलेली आख्यायिका होय. आपल्या बखरींतील लढायांचे आकडे वाचलेल्या माणसाला ही उपपत्ती पटावयास वेळ लागणार नाही.

दुसरा वाद सेनापती ग्रीव्हसचा. हा अर्धयांत्रिक सेनानी विसाव्या लघुपटात प्रथम अवतरला तेव्हा एकटा अनेक जेडायांना भारी पडणारा, थंड कर्दनकाळ होता. मे २००५ मध्ये चित्रपट आला तेव्हा तोच ग्रीव्हस वाकलेला, धापा टाकणारा, प्रसंग पडताच पळ काढणारा आणि सतत खोकणारा निघाला. या दोन रूपांची सांगड शेवटच्या लघुपटाने आगाऊच घालून ठेवली होती: पळून जाणाऱ्या ग्रीव्हसची छाती विंडू दुरूनच, अदृश्य शक्तीने, चिरडतो, आणि तेथून तो खोकू लागतो. मीमांसकांनी परस्परविरोधी वाक्यांची एकवाक्यता साधण्यासाठी जे श्रम घेतले, त्यांच्या जातीचेच हे काम आहे. फरक एवढाच की येथे भाष्य मूळ ग्रंथाच्या आधी प्रसिद्ध झाले. चित्रपटातील त्या खोकल्याच्या ध्वनीत खुद्द ल्यूकस यांचा खोकला मिसळलेला आहे, कारण चित्रीकरणाच्या काळात त्यांना श्वासनलिकेचा दाह झाला होता, ही गोष्ट पुढे उघड झाली. परंतु वर सांगितलेल्या दंडकानुसार तीही पुराव्यात धरली गेली नाही.

निकाल लागला असे वाटत असतानाच २००८ साली त्याच युद्धावर, जवळजवळ त्याच नावाची, नवी संगणकीय सचेत मालिका सुरू झाली. तीत ग्रीव्हस विंडूचा तो प्रहार होण्याच्या कितीतरी आधीपासून खोकत आहे. शिवाय लघुपटांत युद्ध बरेच पुढे सरकल्यावर ज्याला जेडायपदाची दीक्षा मिळते, तो कथानायक अनाकिन नव्या मालिकेत प्रारंभीच दीक्षित असून त्याच्या हाताखाली अहसोका नावाची शिष्याही आहे. तीन वर्षांच्या पंचांगात या सर्व घटना बसविण्यासाठी चाहत्यांनी ज्या कालगणना मांडल्या, त्यांत काही प्रसंग मागे ओढले गेले, काही पुढे ढकलले गेले, आणि खोकल्याचे दोन प्रकार कल्पून, पहिला साधा व दुसरा विंडूकृत, असाही तोडगा निघाला.

वास्तविक या प्रांताला २००० सालापासून एक दफ्तरदार होता. लेलँड ची यांनी ल्यूकसफिल्ममध्ये प्रत्येक ग्रह, व्यक्ती व घटना यांची नोंदवही सिद्ध केली होती, आणि तिच्यात प्रामाण्याची उतरंड असे: वर ल्यूकस यांचे चित्रपट, खाली ग्रंथ व चित्रकथा, त्याहून खाली दुय्यम साहित्य, २००८च्या मालिकेसाठी चित्रपटांच्या लगतची एक नवी पायरी घालण्यात आली. ही व्यवस्था मला न्याय्य वाटत आली आहे, कारण तीत कनिष्ठ नोंद वरिष्ठाशी भांडत नाही तोवर जिवंत राहत असे. २०१२ साली डिस्नेने कंपनी विकत घेतल्यावर मात्र एप्रिल २०१४ मध्ये जाहीरनामा निघाला की येथून पुढे मूळ चित्रपट व २००८ची मालिका एवढेच सनदी इतिहासात राहतील. बाकीचे सारे जुने लेखन ‘लेजेंड्स’ या सदरात जाईल. टार्टाकोव्स्कींचे पंचवीसही लघुपट त्या फेरफारात गेले, आणि विंडूने चिरडलेली छाती दंतकथा ठरली.

मुलाच्या तोंडची आख्यायिका म्हणून लघुपटांची बाजू सावरणाऱ्यांचे म्हणणे अशा रीतीने सरकारी हुकमाने खरे झाले, आणि ते त्यांना मुळीच आवडले नाही. चाहत्यांनी संकलित केलेल्या कोशांत तेव्हापासून ग्रीव्हसच्या नावावर दोन स्वतंत्र नोंदी आहेत: एकीत विंडूचा तो प्रहार आहे, दुसरीत नाही, खोकला दोहोंतही आहे.