कारंज्याच्या पोथ्या आणि बीथोव्हेनचा कॉन्चेर्टो

बीथोव्हेनने 1806 मध्ये रचलेल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेची, आज इतकी ध्वनिमुद्रणे मिळतात की नव्या श्रोत्याला पहिला प्रश्न पडतो तो निवडीचा. यांतले चांगले कोणते? उत्तरे बहुधा दोन प्रकारची येतात. एक म्हणजे ज्याचे नाव मोठे, त्याचे वादन मोठे. दुसरे म्हणजे ज्याला जे भावेल ते. पहिल्यात परीक्षा दुसऱ्यावर सोपवलेली असते, दुसऱ्यात ती टाळलेली असते. एका कृतीच्या अनेक आविष्कारांची तुलना करून निर्णय देण्याची एक शिस्त आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच रुजली होती. ती संगीतासाठी नव्हती, जुन्या पोथ्यांसाठी होती, आणि तिचे एक महत्त्वाचे ठाणे वऱ्हाडातले कारंजा लाड हे होते. कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण जोखायला तीच शिस्त सर्वांत उपयोगी पडते, असे माझे म्हणणे आहे.

कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होते. दत्तसंप्रदायाला ते नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून परिचित, तर दिगंबर जैनांना भट्टारकांच्या, म्हणजे त्यांच्या धर्मपीठाधिपतींच्या, गाद्यांचे गाव म्हणून. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे येथे आहेत आणि त्यांच्या आश्रयाने शतकानुशतके पोथ्या साठत गेल्या. रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची 1926 मध्ये प्रसिद्ध झाली आणि या भांडारांत काय दडले आहे ते विद्वानांना कळले. तोवर जवळजवळ विस्मरणात गेलेले अपभ्रंश भाषेतले साहित्य येथे बांधून ठेवलेले होते. मग कारंज्यातच अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला उभी राहिली. तिच्यातर्फे 1931 मध्ये पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी संपादून प्रसिद्ध केले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या हिरालाल जैन यांनी 1933 मध्ये ‘णायकुमारचरिउ’ आणि 1934 मध्ये ‘करकंडचरिउ’ संपादले. गावच्या व्यापारी कुटुंबाचा पैसा, मंदिरांतल्या पोथ्या आणि कॉलेजातली विद्वत्ता यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

या संपादकांपुढचा पेच ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्याच्या पेचासारखाच होता. पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटला राहून लिहिणारा. त्याच्या हातची पोथी कोणाकडेच नव्हती. हाती होत्या त्या नंतरच्या नकला, आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. अशा वेळी संपादक सुंदर वाटणारा पाठ उचलत नाही. हा फरक पडला कशामुळे, हे तो आधी विचारतो. ‘जसहरचरिउ’मध्ये याचे ठळक उदाहरण आहे. गंधर्व नावाच्या कवीने विक्रम संवत 1365 मध्ये, म्हणजे मूळ काव्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, त्यात भैरवानंदाचे आगमन, यशोधराचा विवाह आणि जन्मांतरांचे वर्णन असे प्रसंग घातले, आणि ते आपण घातल्याचे काव्यातच नोंदवून ठेवले. ही भर आहे, पण लबाडी नाही. तिचा कर्ता आणि काळ ठाऊक असल्याने तिचे मोल वेगळे करता येते.

बीथोव्हेनच्या कॉन्चेर्टोत नेमकी अशीच जागा आहे. पहिल्या भागाच्या शेवटाकडे वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटाच वाजवतो. त्या मोकळ्या जागेला कॅडेन्झा म्हणतात. व्हायोलिनसाठी ती बीथोव्हेनने लिहिलीच नाही, म्हणून पुढच्या वादकांनी आपापल्या लिहिल्या. पुष्कळ जण फ्रिट्झ क्राइस्लरची वाजवतात. हीच कृती बीथोव्हेनने पियानोसाठी बेतली, तेव्हा मात्र टिंपनी हे नगाऱ्याच्या जातीचे वाद्य सोबत घेऊन त्याने स्वतः कॅडेन्झा लिहिली. व्होल्फगांग श्नायडरहानने ती व्हायोलिनवर आणली. गिडॉन क्रेमरने विसाव्या शतकातल्या आल्फ्रेड श्निट्केची वाजवली आणि त्यावरून वाद झाला. ‘हे बीथोव्हेनचे नाही’ हा त्यातला आक्षेप फुकट जातो, कारण क्राइस्लरची कॅडेन्झाही बीथोव्हेनची नाही. योग्य प्रश्न असा, की भर घालणाऱ्याने आधीच्या भागातले काय उचलले आणि त्याचे काय केले? क्राइस्लर आधी सुटे ऐकवलेले विषय शेवटी एकाच व्हायोलिनवर एकत्र वाजवतो. ती भर मूळ कृतीतूनच उगवते. श्निट्के नंतरच्या काळातल्या कॉन्चेर्टोंचे तुकडे आणतो, म्हणजे कृतीवर टीका लिहितो. दोन्हींना जागा आहे, पण एकाच मापाने ती मोजता येत नाहीत.

फरकांचा दुसरा वर्ग सवयीचा. अपभ्रंश पोथ्यांत एक लेखनिक ‘न’ लिहितो तिथे दुसरा ‘ण’ लिहितो. ‘ब’ आणि ‘व’ यांचीही अशीच अदलाबदल होते. हे बहुतेक वेळा कवीचे शब्द नसून लेखनिकाच्या काळाचे आणि प्रांताचे वळण असते. क्राइस्लरचे 1926 मधले बर्लिनचे ध्वनिमुद्रण ऐकताना एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी बोटे पदोपदी जाणवतात. मींडेची सवय असलेल्या मराठी कानाला ते लगेच आवडते, तर आजच्या पाश्चात्त्य श्रोत्याला ते भावविवश वाटते. दोघेही सवयीलाच गुणदोष समजतात. ती घसरण त्या पिढीची बोली होती, पुढे तिचा वापर कमी होत गेला. क्राइस्लरला जोखायचे तर तो घसरतो का हे न विचारता कुठे घसरतो आणि कुठे स्वतःला आवरतो, हे ऐकले पाहिजे.

तिसरा वर्ग साधनाचा. ताडपत्राची लांबी ओळीची लांबी ठरवते, तशी जुन्या तबकडीची एक बाजू साडेचार मिनिटांच्या आसपास संपत असे. चाळीसहून अधिक मिनिटांची कृती दहा-अकरा बाजूंत तोडावी लागे, पण एकेक बाजू मात्र सलग वाजवावी लागे. टेप आल्यावर वेगवेगळ्या वेळी वाजवलेले तुकडे जोडता येऊ लागले. अनेक पोथ्यांचे पाठ मिसळून केलेल्या नकलेपुढे संपादक सावध होतो, कारण ती निर्दोष दिसते पण तिचे कूळ कळत नाही. टेपवरच्या बिनचूकपणालाही हीच सावधगिरी लावली पाहिजे. 1926 मधला निसटता सूर आणि आजचा अचूक सूर यांची थेट तुलना अन्यायाची आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की वादक म्हणजे नक्कल करणारा लेखनिक नव्हे. आक्षेप खरा आहे, पण त्याने पद्धत मोडत नाही. लेखनिकापुढे मूळ पाठ असतो. कॉन्चेर्टोत पुष्कळदा मूळच पक्के नाही. बीथोव्हेनच्या हस्तलिखितात व्हायोलिनच्या ओळीला काही ठिकाणी एकाहून अधिक पर्याय लिहिलेले आहेत आणि 1808 मध्ये छापलेली ओळ त्यांच्याशी सर्वत्र जुळत नाही. वेग किती, याचा आकडा त्याने दिलेला नाही. द्रुत, पण फार नको, एवढीच सूचना आहे. म्हणून पहिला भाग याशा हाइफेट्झ 1955 मध्ये बोस्टनला सुमारे 20 मिनिटांत संपवतो, तर यहुदी मेन्युइन आणि संचालक फुर्टवेंग्लर 1953 मध्ये 24 मिनिटांच्या आसपास घेतात. या मोकळिकीतच वादकाचे कर्तृत्व आहे, आणि ती कुठे सुरू होते हे पाठ तपासल्याखेरीज कळत नाही.

दुसरा आक्षेप : रचनाकार स्वतः हजर असेल तर वाद मिटेल. कारंज्याची ग्रंथमाला निघत होती त्याच सुमारास, जुलै 1932 मध्ये, लंडनला सोळा वर्षांच्या मेन्युइनने एल्गारचा कॉन्चेर्टो स्वतः एल्गारच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केला. तो कवीच्या देखरेखीखाली उतरवलेल्या नकलेइतका मोलाचा पुरावा आहे. पण स्त्राविन्स्कीने ‘राइट ऑफ स्प्रिंग’ स्वतः तीनदा ध्वनिमुद्रित केले आणि तिन्ही वेळा वेग सारखे राहिले नाहीत. कर्त्याचा शब्द पुरावा म्हणून वजनदार, पण तो एकमेव निकाल नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्याच मातीतला आहे : रागसंगीताला असा लिखित पाठ नसतो, मग ही परकी मोजपट्टी कशाला? रागसंगीतावर ती लादू नये, हे मान्य. गजाननराव जोशी किंवा व्ही. जी. जोग यांच्या व्हायोलिनवर राग त्या बैठकीत घडतो. तिथे बंदिश आणि घराण्याची चाल हे आधार, छापील ओळ नव्हे. पण म्हणूनच कॉन्चेर्टोला रागाचे माप लावणेही चूक ठरते. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा केला, तरी मुंबईबाहेरच्या मराठी श्रोत्याला हे संगीत मुख्यतः तबकड्यांतूनच भेटले. अनेक नकला आणि मूळ हाताबाहेर, ही त्याची स्थिती कारंज्याच्या संपादकांसारखीच होती.

आनंदाचे काय, असे कोणी विचारील. पाठभेद नोंदवून काव्य नीरस होत नाही, तसे फरकांचे कारण कळून संगीतही होत नाही. उलट वादकाला श्रेय द्यायचे तर त्याने काय निवडले ते आधी कळले पाहिजे. कॅडेन्झा कोणाची, घसरण कोणत्या पिढीची, तुकडे जोडलेले की सलग, एवढे वेगळे काढल्यावर जे उरते ते त्याचे स्वतःचे. आवडनिवड तिथून सुरू व्हावी. त्याआधी दिलेला कौल वादकाऐवजी त्याच्या काळाला किंवा यंत्राला दिलेला असतो.