अफू आणि पौरुष



अफूनें पौरुष वाढतें, ही समजूत आपल्या देशांत फार जुनी आहे. तिच्याविरुद्ध एक स्पष्ट साक्ष गोव्यांतच छापली गेली. इ. स. १५६३ मध्यें गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानें आपल्या औषधीविषयक संवादग्रंथांत नमूद केलें कीं, लोक या हेतूनें अफू घेतात खरे. परंतु जाणत्या वैद्यांच्या मतें तिनें मनुष्य नपुंसक होतो.

निरीक्षण अचूक होतें. कारण मात्र चारशें वर्षें अज्ञात राहिलें. १९७१ सालीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमसमधील एका अंतःस्रावाची रचना उलगडली. हा स्राव ठराविक अंतरानें पिच्युटरी ग्रंथीस इशारा देतो. ती ग्रंथी वृषणांस हुकूम करते, आणि मग टेस्टोस्टेरॉन हा पुरुषस्राव निर्माण होतो. १९७३ सालीं अफूचें सत्त्व मेंदूंत जेथें चिकटतें, तीं स्थानेंही सांपडलीं. अफू, मॉर्फिन, हेरॉइन हीं सर्व तो मूळ इशाराच मंद करितात. वृषण धडधाकट असतात. त्यांस हुकूमच पोंचत नाहीं. मग इच्छा मावळते, बीज क्षीण होतें, हाडेंही दुबळीं होतात.

तेव्हां व्यसनी पुरुषाची ही दुर्बलता म्हणजे शीलाचा दोष नव्हे. ती देहाची व्याधी आहे. लाजेनें ती लपविणारा मनुष्य उपचारांस मुकतो. व्यसन सुटल्यावर थांबलेला इशारा बहुधा पुन्हां सुरू होतो, हें मात्र ऑर्ताच्या काळीं त्यास सांगणारें कोणी नव्हतें. आज आहे.