लिहिलेले अक्षर, बोललेले अक्षर

'घर' हा शब्द कागदावर दोन अक्षरांचा. तोंडाने मात्र आपण तो 'घर्' असा एकाच झटक्यात उच्चारतो. मग चूक लेखणीची की जिभेची? दोघींचीही नव्हे. प्राकृतात शेवटचा 'अ' स्पष्ट उच्चारीत. जुन्या मराठीतही तो टिकून होता. पुढे बोलण्यातून तो गळाला, लेखनात राहिला. याची साक्ष अभंग देतो. सतराव्या शतकातील तुकोबांच्या मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे. तेथे 'घर' दोनच अक्षरे मोजावे लागते आणि भजनात तो लोपलेला 'अ' पुन्हा ऐकू येतो. तेव्हा श्रोतेहो, लिहिल्याप्रमाणे बोलत नाही म्हणून कोणाला अडाणी ठरविण्यापूर्वी आपण आपलेच 'घर' एकदा कान देऊन ऐकावे.